शांतता समिती, कोर्ट की चौकशी आयोग? वस्तीत जागेचा वाद उभा राहिला तर

गणपती आणि ईद जवळ आली की राबोडी, मुंब्रा, भिवंडी भागात पोलीस ठाण्यांतून फोन सुरू होतात, "बैठकीला या." परवा आमच्या गल्लीतला एक मुलगा विचारायला आला. त्यांच्याकडे पिंपळाचा पार आणि त्यामागची मजार यांच्यात जेमतेम चार फूट जागा आहे, आणि तिच्यावरून कुरबूर सुरू झाली आहे. त्याला शांतता समितीवर, म्हणजे सणाआधी पोलीस आणि दोन्ही समाजांतली माणसं एकत्र बसतात तिथे, बोलावलंय. मित्र म्हणतात, तिथे नुसता चहा मिळतो, सरळ कोर्टात जा. "काका, काय करू?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी आयोगाचं बोलून घेऊ, कारण दंगल झाली की सगळ्यांची पहिली मागणी तीच असते. मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भिवंडी पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने कसून चौकशी केली, आणि तरी 1984 मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. मुंबईच्या दंगलींसाठी 1993 मध्ये श्रीकृष्ण आयोग नेमला गेला. 1996 मध्ये सरकारनेच तो गुंडाळला, त्याच वर्षी पुन्हा सुरू केला, आणि 1998 मध्ये अहवाल आला. 900 माणसं गेली हे त्यातून नोंदलं गेलं, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. शिवाय आयोग बसतो तो माणसं गेल्यावर. चार फुटांच्या भांडणात त्याची वाट बघणं म्हणजे आग लागायची वाट बघणं.

कोर्टाचा रस्ता खरा आहे, पण लांब आहे. कल्याणचा दुर्गाडी किल्ला डोळ्यासमोर आणा; तिथली जागा मंदिराची की मशिदीची, हा वाद. 1976 मध्ये दाखल झालेला दावा डिसेंबर 2024 मध्ये मुदतीबाहेरचा ठरून फेटाळला गेला. मधली 48 वर्षं बंदोबस्त, बॅरिकेड आणि बकरी ईदला मंदिर बंद ठेवतात म्हणून लाल चौकीत होणारं घंटानाद आंदोलन यांत गेली. निकाल लागेपर्यंत शेजाऱ्यांनी एकमेकांशी कसं वागायचं, हे कुठलंच कोर्ट शिकवत नाही. कल्याणजवळच्या मलंगगडाचंही बघा, जिथे हिंदू आणि मुसलमान दोघंही जातात. पन्नासच्या दशकातच सर्वोच्च न्यायालयाने त्या स्थानाचं मिश्र स्वरूप मान्य केलं होतं. केतकर या हिंदू कुटुंबाकडे पिढ्यान् पिढ्या तिथली वहिवाट, म्हणजे व्यवस्था, आहे, तरी वाद आजही तापवला जातो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. 1991 च्या प्रार्थनास्थळ कायद्याने अयोध्या वगळता धर्मस्थळांचं 15 ऑगस्ट 1947 चं स्वरूप कायम ठेवलं आहे. त्या कायद्याला दिलेलं आव्हान प्रलंबित असताना, अशा स्वरूपाचे नवे दावे नोंदवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये सांगितलं. "हे मुळात आमचंच होतं" असा दावा घेऊन जाणार असाल तर आधी वकिलाला हे विचारा. मात्र वाद हद्दीचा, मोजणीचा किंवा अतिक्रमणाचा असेल तर दिवाणी मार्ग आहेच. वक्फची, म्हणजे मुस्लिम धर्मकार्यासाठी दान दिलेली, जागा असेल तर वक्फ न्यायाधिकरण आहे.

आता समिती. मी अनेक वर्षं बसलोय, म्हणून जरा जास्त बोलतो. 1984 नंतर भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. पुढाऱ्यांपेक्षा साध्या माणसांना, दोन्ही समाजांतल्या, त्या भागात रोज गस्त घालणाऱ्या बीटवरच्या पोलिसांसोबत बसवलं. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईनेही ती वाट धरली.

आमच्याकडे एका वर्षी मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी मशिदीचा कारभार बघणारे म्हातारे मुतवल्ली आणि मंडळाचे अध्यक्ष रस्त्यावर उतरले. दुकानातला खडू घेऊन डांबरावर रेघ मारली: ढोल इथे थांबणार. हवालदार टॉर्च धरून उभा होता. दुसऱ्या दिवशी ढोल त्या रेघेवर थांबले. ती रेघ आजही डोळ्यापुढे येते.

पण समितीचा दुबळेपणाही सांगायलाच हवा. ती अधिकाऱ्याच्या इच्छेवर चालते, बदली झाली की सुस्तावते. जुलै 2006 मध्ये त्याच भिवंडीत, कब्रस्तानची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या जागेवरच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद चिघळला. गोळीबारात दोघे गेले, दोन पोलिसांना जमावाने मारलं. समिती कागदावर असणं आणि वस्तीत जिवंत असणं, यात जिवाइतका फरक आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: समितीवर जा, आणि नुसतं बसून राहू नका. बैठकीत जे ठरेल ते वहीत लिहून घ्या, सह्या घ्या. मिरवणुकीचा मार्ग, वेळ, नमाजची वेळ, भोंग्याचा आवाज, सगळं तिथेच ठरवा. जागेच्या मालकीवर समितीत मतदान करू नका, तो तिचा अधिकारच नाही. त्यासाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, म्हणजे जागा कोणाच्या नावावर आहे त्याचा उतारा, काढा आणि धर्मादाय आयुक्तांकडची त्या स्थळाची नोंदणीही बघून ठेवा.

बैठक गुरुवारी आहे. मुलगा म्हणाला, मजारीच्या बाजूच्या काकांनाही विचारतो, दोघं मिळून कागद काढायला जाऊ. जाताना त्याला मोजपट्टी दिली.