मराठी सिनेमा परदेशात न्यायचाय: मंडळांचे शो की फेस्टिवल?

हल्ली पुण्यात दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी छोट्या बजेटचा सिनेमा पूर्ण करून भेटतं आणि चहा यायच्या आत विचारतं, बाहेर कसा न्यायचा. मी सहनिर्माता म्हणून एक सिनेमा दोन्ही वाटांनी नेलाय, आधी फेस्टिवल मग मंडळं, म्हणजे परदेशातल्या मराठी माणसांची महाराष्ट्र मंडळं, त्यामुळे जे बघितलं तेवढंच सांगतो, तुमच्या सिनेमाचं गणित वेगळं निघू शकतं.

आधी पैशाचं. मंडळात चार पैसे येतात, फेस्टिवलला जातात, सरळ हिशोब आहे. मंडळाचा शो ठरला की तिकिटं त्यांचीच माणसं खपवतात, राहायची सोय कोणाच्या तरी घरी, रात्री गरम वरणभात, आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या दर दोन वर्षांच्या अधिवेशनात शिरकाव झाला तर एका फटक्यात सगळ्या ओळखी. फेस्टिवलला एंट्री फी, डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल कॉपी), व्हिसा, तिकीट, बहुतेक सगळं आपल्याच खिशातून. बर्लिन फेब्रुवारीत, कान मे महिन्यात, व्हेनिस ऑगस्टअखेरीला, आणि मोठ्यांना प्रीमियर लागतो, म्हणजे सिनेमा आधी बाहेर कुठे दाखवलेला नको, म्हणून उत्तर येईपर्यंत सिनेमा दाबून ठेवायचा, तोवर पैसे लावलेला माणूस रोज फोन करतोय. हे फार जड जातं, आमच्याकडे घरात भांडणं झाली.

एवढं ऐकून कोणीही मंडळच म्हणेल. मीही म्हणत होतो.

आमच्या सिनेमात एक आजी आहे, घरातून निघताना कोणी "जातो" म्हटलं की ती टोकते, जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं. शेवटी ती स्वतः वाडा कायमचा सोडते आणि दारात "येते" एवढंच म्हणते. सगळा सिनेमा त्या एका शब्दावर उभा आहे.

अमेरिकेत एका मंडळाचा शो होता, शाळेच्या हॉलमध्ये. हॉल भरलेला, लोक प्रेमाने आलेले, त्याबद्दल मनापासून कृतज्ञ आहे. पण जमीन सपाट, खुर्च्या मांडलेल्या आणि पडदा खाली, त्यामुळे सबटायटलची पट्टी पुढच्या रांगेतल्या डोक्यांमागे गडप. माझ्या शेजारच्या रांगेत एक अमेरिकन जावई होता, तो कधी डावीकडून कधी उजवीकडून मान काढून वाचायचा प्रयत्न करत होता, मग बायको कानात सांगायला लागली, मागून कोणीतरी शूऽऽ केलं, आणि मध्यंतराआधीच तो उठून बाहेर समोशांच्या टेबलापाशी जाऊन बसला. त्याच्या मागोमाग दोन शाळकरी मुलं, ज्यांना मराठी कळतं पण पटपट नाही. आजी "येते" म्हणाली तेव्हा हॉलमध्ये हुंदका आला, तो मी विसरणार नाही, पण तो ज्यांना आधीच कळत होतं त्यांचा होता. आयोजकांना विचारलं तर म्हणाले, अहो सगळे आपलेच आहेत, सबटायटल कशाला. पुढे आणखी दोन मंडळांत थोड्याफार फरकाने हेच झालं. तीन शो म्हणजे सर्वेक्षण नव्हे, मान्य, पण माझ्यापुरतं तिथे ठरलं.

त्याआधी युरोपातल्या एका लहान गावच्या फेस्टिवलला जेमतेम चाळीस माणसं होती, हॉल पायऱ्यांचा, सबटायटल स्वच्छ दिसत होतं. शो झाल्यावर एका वयस्कर बाईंनी विचारलं, ती परत येणार नाहीये हे तिला माहीत असताना ती परत येते असं का म्हणाली. मराठीचा एक शब्द न येणाऱ्या बाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. सिनेमा बाहेर न्यायचा तो ह्याचसाठी ना?

आपल्या गोष्टी त्यांना काय कळणार असं म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथल्या प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' 1937 मध्ये व्हेनिसला दाखवला गेला होता. 2014 मध्ये 'किल्ला'ला बर्लिनला मुलांच्या ज्युरीने क्रिस्टल बेअर दिलं आणि 'कोर्ट' व्हेनिसच्या होरायझन्स विभागात सर्वोत्तम ठरला. ते बघणाऱ्यांत मराठी येणारे असे कितीसे असणार.

त्यामुळे जमत असेल तर मी म्हणेन आधी फेस्टिवल, आणि फक्त मोठी तीनच नावं धरून बसू नका. नोव्हेंबरात गोव्याला इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, जोडीने फिल्म बाजार भरतो, बाहेरच्या फेस्टिवलांसाठी सिनेमे निवडणारी माणसं तिथेच भेटतात, व्हिसाची भानगड नाही. मंडळं नंतरही होतात, उलटा क्रम मात्र अवघड, कारण शोचं पोस्टर फेसबुकवर गेलं की प्रीमियरचं बोलणं बहुधा संपतं. पैसे अगदीच अडकले असतील तर अर्थात मंडळ आधी, तिथे मी कोणाला नाव ठेवणार नाही.

आणि सबटायटल घाईत करू नका. आमच्या पहिल्या खर्ड्यात आजीचं "येते" हे "आय ॲम लीव्हिंग" झालं होतं, म्हणजे बरोबर उलटं. ते बदलून "आय विल बी बॅक" केलं म्हणून त्या बाई तो प्रश्न विचारू शकल्या. आता एक वेगळी कॉपीच करून ठेवलीये, सबटायटल पडद्याच्या वरच्या बाजूला असलेली, मंडळवाल्यांना तीच पाठवतो.