गणपती पेठेतलं हळदीचं दुकान

हमाल, हातगाड्या, टेम्पो यांतून वाट काढत सांगलीच्या गणपती पेठेत आलात, तर या जुन्या दुकानातली राजापुरी हळकुंडं बघाच. समोर फोडून दाखवतात, आतून गर्द केशरी. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मालकांच्या तोंडी कौतुक हरिपूरच्या पेवांचंच, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांचं. काटा किलोचा, बोलणं मात्र चिपट्या-मापट्यात. आमच्या सूनबाईंना उभ्या उभ्या शिकवलं : दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. मागं गिऱ्हाईक खोळंबलं तरी चालेल! दळलेली हळद उघड्या पिंपात ठेवतात, ते काही पटलं नाही. हळकुंडंच घ्या आणि डंकावर कुटून आणा. सुट्टे पैसे जवळ असू द्या, क्यूआर कोड नुसता भिंतीला आहे.