डॉ. कोटणीसांचा फोटो बघून आम्ही फसलो

आम्ही सोलापूरचे. सुया टोचून उपचार करणाऱ्या ॲक्युपंक्चर क्लिनिकच्या भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा हार घातलेला फोटो दिसला आणि माझं डोकं तिथंच चालायचं बंद झालं. आपल्या गावचा माणूस, चीनशी नातं, मग औषध खरंच असणार! कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते सर्जन म्हणून, सुया टोचायला नव्हे, हे घरी आल्यावर आठवलं. तोवर पैसे गेले होते.

अण्णांना पॅरालिसिसचा अटॅक आला. महिन्याभरात उजवा हात थोडा उचलायला लागले, पण माणूस विझला. भिंतीकडं तोंड करून पडायचे, फिजिओवाला आला की डोळे मिटून घ्यायचे. आम्ही त्याला आळस समजत होतो. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, हे डिप्रेशन आहे, स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला होतं. एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनवरची गोळी सुरू केली. फरक पडायला काही आठवडे लागतील, हेही बजावलं.

बाराव्या दिवशी आमचाच धीर सुटला.

क्लिनिकवाल्यानं जीभ बघितली, दोन्ही मनगटांची नाडी बघितली. "ताई, यकृताची ऊर्जा अडकलीय. वीस सिटिंगचे बेचाळीस हजार. आज भरलेत तर पस्तीस." आणि उठता उठता, अगदी सहज: "ती डोक्याची गोळी बंद करा. ती चालू असली की सुई लागू पडत नाही." तेव्हाच अण्णांचा हात धरून निघायला हवं होतं. मी मोबाइल काढून पैसे पाठवले.

दुसऱ्या सिटिंगला एक बाटली दिली. मिरीएवढ्या काळसर गोळ्या, आठ-आठ, दिवसातून तीनदा. लेबल सगळं चिनी. यात काय आहे विचारलं तर म्हणे, "नॅचरल आहे, साइड इफेक्ट नसतो." अण्णा आधीपासून काय घेतात, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. अण्णा वॉर्फरिनवर, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर होते.

सातव्या सिटिंगनंतर आंघोळ घालताना दंडावर जांभळे डाग दिसले. सुईच्या जागी नव्हेत, भलतीकडंच. चूळ भरली की पाणी लाल. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर दोन ते तीनच्या दरम्यान ठेवायचा असतो, तो ५.८ आला. भाच्यानं लेबलवर मोबाइल धरला, त्यात डानशेन निघालं. या मुळीनं वॉर्फरिनचा जोर वाढतो. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. दोन रात्री दवाखान्यात काढल्या.

सुईवर माझा राग नाही. चीनमध्ये स्ट्रोकनंतरच्या डिप्रेशनवर ॲक्युपंक्चरच्या बऱ्याच चाचण्या झाल्यात. त्यातल्या पुष्कळशा लहान नि कच्च्या आहेत, पण चालू औषधासोबत, डॉक्टरांना सांगून करायचं असेल तर निदान बोलता तरी येतं. डॉक्टरांची गोळी बंद करायला लावून नाव नसलेली गोळी तोंडात घालणं, ही मात्र शुद्ध लबाडी.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, नोंदणी असते. मी नोंदणी क्रमांक विचारला तो पैसे परत मागायला गेल्यावर! फ्रेममधलं सर्टिफिकेट नीट वाचलं तर शनिवार-रविवारच्या कोर्सचं. पावतीवर नुसतं 'वेलनेस'. उरलेल्या तेरा सिटिंगचे? "पॅकेज परत होत नाही, ताई." ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार टाकलीय. अजून एक रुपयाही आलेला नाही. बाटली मी फेकलेली नाही, पुरावा म्हणून ठेवलीय.

डॉक्टरांनी डिप्रेशनची जुनी गोळी पुन्हा सुरू केली. सहावा आठवडा चालू आहे. परवा जेवताना अण्णांनी ताटाकडं बघून विचारलं, "शेंगाचटणी संपली का गं?"