रॉड फिनिश म्हणून भलतंच रेझिन: माझे १८,५०० गेले, तुम्ही सावध राहा

पुण्यात हाताने फिशिंग रॉड बांधणाऱ्या प्रत्येकाने हे वाचा. "अमेरिकन रॉड फिनिश, कस्टममधून सुटलेला लॉट, निम्म्या दरात" असा मेसेज तुम्हालाही येईल, कदाचित आलाही असेल. (रॉड फिनिश म्हणजे गळाची दोरी ज्यातून जाते त्या कड्या, म्हणजे गाइड, रॉडला बांधणाऱ्या दोऱ्यावर द्यायचं इपॉक्सी; एक बाटली रेझिनची, एक ते कडक करणाऱ्या हार्डनरची, अशी जोडी येते.) माझे त्यात १८,५०० रुपये गेले आणि गिऱ्हाइकांसमोर मान खाली घालावी लागली. पैशांपेक्षा ते जास्त झोंबतंय.

सुरुवात नमुन्याने झाली. ४८० रुपयांची छोटी जोडी, आणि ती अस्सल निघाली. गाइडच्या पायांवरच्या दोऱ्याला पातळ कोट दिला, बुधवार पेठेतून आणलेल्या गिअर मोटरवर रॉड रात्रभर फिरत ठेवला, सकाळी काचेसारखा थर. मग बारा जोड्या मागवल्या. प्रत्येकी १,४५०, म्हणजे १७,४००, वर कुरिअर आणि विम्याचे ६२०. माल स्वतः वापरून बघितल्यावर माणूस आणखी काय तपासणार?

खटकायला हवं होतं ते पैसे भरताना. पहिला क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव आलं एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं. १०,००० गेले. उरलेल्या ८,०२० साठी विकणाऱ्याने दुसरा कोड पाठवला, त्यावर कुण्या बाईचं नाव. मी लगेच फोन केला. "साहेब, माझ्या खात्याची आजची लिमिट संपली, हे माझ्या साडूच्या मिसेसचं खातं." विकणाऱ्याचं एक, दुकानाचं दुसरं आणि हे तिसरं नाव, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. मनात चर्र झालं होतं, फोन बाजूलाही ठेवला होता. पण छोट्या धंद्यात घरच्यांच्या खात्यावर पैसे घेणारे कमी आहेत का? भाजीवाल्यापासून इलेक्ट्रिशियनपर्यंत सगळे घेतात. तरी सांगतो: विकणाऱ्याचं नाव आणि खात्याचं नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका, मग तो साडू असो नाहीतर सख्खा भाऊ.

माल आला. सीलबंद सारख्या मापाच्या बाटल्या, लेबल हुबेहूब, त्यावर समभागात मिसळण्याची सूचना. रॉड फिनिश तसंच असतं. दोन वेगळ्या सिरिंजने मोजलं, बुडबुडे येऊ नयेत म्हणून सावकाश ढवळलं, गिऱ्हाइकांच्या तीन रॉडना कोट दिला. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकट. त्याला कळवलं तर म्हणाला, "पावसाची हवा आहे साहेब, धीर धरा."

इथेच त्याने मला पुरतं गुंडाळलं, कारण बोलणं खोटं नव्हतं. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट थर येतो, गारव्यात ते उशिरा आवळतं, पूर्ण कडक व्हायला काही दिवस लागतात, हे या कामातल्या कुणालाही माहीत आहे. मी थांबलो. मग म्हणाला, वरून नीट मोजून आणखी एक कोट द्या. मऊ राहिलेल्या थरावर हाही नेहमीचाच उपाय. दिला. तोही चिकट. एव्हाना त्याचा फोन बंद झाला होता. वाळण्याची वाट बघण्यात तक्रारीची वेळ निघून जावी, हाच त्याचा डाव होता. तुम्ही वाट बघू नका. पहिल्या शंकेलाच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत.

बाटली घेऊन बोहरी आळीत गेलो. रेझिन विकणाऱ्या एका दुकानदाराने बघताच सांगितलं, हे ट्रे आणि टेबलांवर ओततात ते, दोन भाग रेझिनला एक भाग हार्डनर. घरी येऊन तसं मिसळलं तर खडखडीत वाळलं. म्हणजे स्वस्तातलं रेझिन भरून वर समभागाचं लेबल चिकटवलेलं. हार्डनर दुप्पट पडल्यावर ते जन्मात वाळणार नव्हतं. नवी बाटली आली की गिऱ्हाइकाच्या रॉडला लावण्याआधी तुटक्या ब्लँकच्या (रॉडच्या नुसत्या काठीच्या) तुकड्यावर लावून बघा, नमुना कितीही चांगला निघालेला असो.

तिन्ही रॉडचे दोरे ब्लेडने कापून काढले, गाइड सोडवले, ब्लँक खरवडले. एका ब्लँकला ब्लेड लागलं. कार्बनच्या ब्लँकवर चीर गेली की जोर पडताच तो तिथेच मोडतो. त्या गिऱ्हाइकाचा ९,५०० अॅडव्हान्स परत केला. नवा दोरा आणि फिनिशचे २,७६० वेगळे.

आणि मग ते उंबरठे! चौकीत विचारलं, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" सायबरकडे पाठवलं. तिथे म्हणाले, माल हातात आलाय, ही दिवाणी बाब, चौकीतच जा. परत चौकी. मी सांगतोय की खोटं लेबल लावून पैसे उकळणं ही फसवणूकच, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे, आणि समोरचा विचारतो, "गळाच्या काठीला कसलं आलंय वॉर्निश?" बँकेचं एकच पालुपद, पिन तुम्हीच टाकलात. दोन खात्यांची नावं, चॅट, कुरिअरची पावती, सगळं छापून नेलं होतं. एकानेही हात लावला नाही. ग्राहक आयोगात चौकशी केली तर खिडकीवरून ऐकवलं, तुम्ही रॉड विकता, तुम्ही ग्राहक नाही. साफ चूक. पोटापाण्यासाठी स्वतःच्या हाताने काम करणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरलंय, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. कुणी परत पाठवलं तर हलू नका, नकार लेखी मागा. मी मागितला, तेव्हा कुठे अर्ज घेतला.

विकणाऱ्याचं खातं बंद आहे, पण त्याच बाटल्यांचे तेच फोटो परवा दुसऱ्या नावाने दिसले. दर आता १,२९०. त्याच्याकडे जीएसटी बिल मागा आणि दोन्ही बाटल्यांचा बॅच नंबर दिसेल असा व्हिडिओ मागा. माझ्याकडच्या क्यूआर कोडचे स्क्रीनशॉट ज्याला तक्रार करायची असेल त्याला देतो.