दुसरीचं कर्ज माझ्या रिपोर्टवर, आणि ते 'काढून देणारा' एजंट

'सिबिल दुरुस्त करून देतो' म्हणणाऱ्या कोणालाही एक रुपया देऊ नका. पुढचं सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान एवढं तरी वाचा, म्हणून आधीच सांगते. क्रेडिट रिपोर्टमधली (आपल्या कर्ज-हप्त्यांची नोंद, जिला लोक 'सिबिल' म्हणतात) चूक दुरुस्त करून मागायला पैसे लागत नाहीत. हा रिपोर्ट तयार करणाऱ्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीकडे तक्रार टाकणं फुकट, बँकेला पत्र देणं फुकट, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जाणंही फुकट. माझ्याकडून या फुकटच्या कामाचे १८,००० रुपये घेतले गेले. काम झालं नाहीच, उलट अवघड होऊन बसलं.

आमचा गृहकर्जाचा अर्ज नामंजूर झाला तेव्हा मी माझा रिपोर्ट काढला. त्यात एक वैयक्तिक कर्ज होतं, जे मी कधी घेतलंच नव्हतं. पुढे शेरा 'रिटन ऑफ', म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं, आणि महिन्यांच्या चौकटींत हप्ता किती दिवस थकला त्याचे आकडे: ३०, ६०, ९०, पुढे वाढतच गेलेले. पत्त्यांच्या यादीत एक असा पत्ता, जिथे मी आयुष्यात राहिले नाही. माझ्याच नावाआडनावाच्या कोणा बाईचं ते कर्ज होतं आणि बँकेने माहिती पाठवताना त्याला माझा पॅन जोडला होता. आपल्याकडे नाव-आडनाव जुळणाऱ्या बायका किती सापडतील! मधलं नाव तेवढं वेगळं, आणि नेमकं तेच कोणी पाहिलं नव्हतं.

या नोंदींवरून मिळणारा स्कोअर ३०० ते ९०० यांच्यामध्ये मोजतात, जास्त तितका चांगला. माझा एवढा खाली आला होता की दुसऱ्या कुठल्या बँकेत विचारायचीही सोय नव्हती. घराचं टोकन देऊन झालेलं, मुदत डोक्यावर. हे एजंट नेमके अशा वेळी गाठतात. मोबाइलवर जाहिरात आली: चुकीच्या नोंदी कायमच्या काढू, स्कोअर ७५०च्या वर नेऊ, लेखी हमी. फोनवरचा माणूस अतिशय सभ्य. "ताई, तुम्ही अजिबात काळजी करू नका, आमची लीगल टीम थेट कंपनीला नोटीस पाठवते." ८,००० आगाऊ, बाकीचे काम झाल्यावर.

त्याने आधार, पॅन, रिपोर्टची प्रत आणि सही केलेलं अधिकारपत्र मागून घेतलं. मग माझ्या नावाने कंपनीच्या साइटवर खातं उघडायचं म्हणून ओटीपी. ओटीपी माझ्या मोबाइलवर आला, पण खात्याला ईमेल मात्र त्याने स्वतःचा लावला. त्यामुळे कंपनीकडून येणारं प्रत्येक उत्तर त्याला मिळत होतं, मला एकही नाही. सगळी फसवणूक त्या एका ईमेलच्या जोरावर चालली. असं खातं तुमच्या नावाने कोणी उघडलं असेल तर आज, आत्ता, त्यातला ईमेल तपासा.

थोड्या दिवसांनी त्याने एक स्क्रीनशॉट पाठवला. त्या कर्जाच्या नोंदीवर 'अंडर डिस्प्युट' असा शेरा दिसत होता. "बघा ताई, नोंद अडकवली. आता निघालीच समजा." तेवढ्यावर दुसरा हप्ता मागितला आणि घेतला. खरं म्हणजे तुम्ही-आम्ही कोणीही तक्रार टाकली की चौकशी चालू असेपर्यंत तो शेरा आपोआप लागतो. चौकशी संपली की निघून जातो. तक्रार मान्य झाली असा त्याचा अर्थ मुळीच नाही. एजंट हाच शेरा दाखवून दुसरा हप्ता काढतात.

त्याने पाठवलेली पत्रं मला फार उशिरा पाहायला मिळाली. भारी इंग्रजी, वर वकिली थाटाचं लेटरहेड, आणि मजकुरात 'फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अॅक्ट, कलम ६०९ अन्वये' ही नोंद सिद्ध करा नाहीतर काढून टाका, अशी धमकी. हा कायदा अमेरिकेचा आहे, १९७० सालचा. आपल्याकडे लागू आहे तो क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीज (रेग्युलेशन) अॅक्ट, २००५. त्यात सहाशे कलमंच नाहीत. दुरुस्ती मागायचा आपला हक्क त्याच्या कलम २१ मध्ये आहे. शिवाय तिकडेही कलम ६०९ आपल्या फाइलमध्ये काय आहे ते दाखवण्याबद्दलचं. चुकीच्या नोंदीच्या तक्रारीचं कलम ६११. कुठून तरी तयार नमुना उचलायचा, नाव बदलायचं आणि पाठवायचा, एवढीच त्यांची लीगल टीम.

त्याहून वाईट म्हणजे त्याने माझ्या रिपोर्टमधल्या झाडून सगळ्या नोंदींवर तक्रार टाकली होती. माझं स्वतःचं फिटलेलं वाहनकर्ज, माझं चालू क्रेडिट कार्ड, सगळं 'माझं नाही' म्हणून. त्या त्या बँकांनी अर्थातच माहिती बरोबर असल्याचं कळवलं. त्या ढिगाऱ्यात माझी एकमेव खरी तक्रारही कुठल्याही पुराव्याशिवाय गेली आणि तशीच फेटाळली गेली. ते उत्तर त्याच्या ईमेलवर आलं. मला त्याने सांगितलं, "बँकेतल्या माणसाला काही द्यावं लागेल." तेही पैसे गेले.

शेवटी म्हणाला, थोडी रक्कम भरून कर्ज 'सेटल' करून टाका, विषय संपेल. ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकली. जे कर्ज माझं नाही ते सेटल करायचं म्हणजे ते माझंच होतं असं कबूल करणं. वर रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' असा शेरा राहतो, आणि पुढची बँक त्याचा अर्थ पूर्ण पैसे फेडले नाहीत असाच घेते. मी नाही म्हटलं आणि त्या दिवसापासून त्याने फोन उचलणं बंद केलं.

आता जे खरं करायचं असतं ते. नोंद बदलायचा अधिकार क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीला स्वतःहून नाही. ज्या बँकेने ती पाठवली तिने चूक मान्य केली तरच बदलते. म्हणून एक तक्रार कंपनीकडे आणि एक पत्र बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला (तक्रारी पाहणारा अधिकारी), दोन्ही एकदमच द्यायची. मी आधी खात्याचा ईमेल बदलून घेतला आणि पत्र स्वतः लिहिलं, जेमतेम एका पानाचं. वर रिपोर्टचा कंट्रोल नंबर आणि तारीख. मग फक्त त्या एका कर्जाचा खाते क्रमांक, रिपोर्टमध्ये दिसतो तसाच. मग: "हे कर्ज मी घेतलेलं नाही. या खात्याचा अर्ज, केवायसी कागदपत्रं आणि कर्जाची रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्याचा तपशील तपासावा. त्यावरील जन्मतारीख, सही व फोटो माझे नाहीत." सोबत पॅन, आधार आणि लग्नानंतर नाव बदलल्याचं राजपत्र. कायद्याची धमकी नाही, रागाचा शब्द नाही, दुसऱ्या कुठल्या नोंदीचा उल्लेख नाही. शाखेत प्रत देऊन पोच घेतली. शिक्का आणि तारीख असल्याशिवाय तिथून हलू नका. बँकेने जुना अर्ज काढून पाहिला, फोटो दुसऱ्याच बाईचा निघाला, आणि मुदतीच्या आत नोंद माझ्या रिपोर्टवरून गेली.

मुदत म्हणजे तक्रारीपासून ३० दिवस. त्यापुढे गेलं तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागेल, असं रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरवलं आणि एप्रिल २०२४ पासून ते लागू आहे. तक्रार फेटाळली तर कारण सांगणं बंधनकारक आहे. बँकेने दाद दिली नाही किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. माहितीसाठी फोन १४४४८.

आणि रिपोर्ट एकच नसतो. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत, बँका चौघींनाही माहिती देतात. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. माझी चुकीची नोंद एकाहून जास्त ठिकाणी होती, त्यामुळे प्रत्येकीकडे वेगळी तक्रार टाकली.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. मी सायबर पोर्टलवर तक्रार केली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत. पण त्याहून मोठी काळजी माझ्या कागदपत्रांची आहे, कारण आधार, पॅन आणि सही तिन्ही त्याच्याकडे आहेत. म्हणून रिपोर्टमध्ये 'एन्क्वायरी'चा, म्हणजे कर्जाच्या अर्जावरून कोणत्या बँकांनी आपला रिपोर्ट मागवला त्याचा, जो भाग असतो तो मी आता नेमाने पाहते. मी अर्ज न केलेल्या कुठल्याही बँकेचं नाव तिथे दिसलं, की त्याच दिवशी त्या बँकेला लेखी कळवायचं, असं ठरवून ठेवलं आहे. ज्यांनी ज्यांनी अशा एजंटला कागद दिले आहेत त्यांनीही तो भाग आधी उघडून पाहावा.