टर्बोचं कार्ट्रिज बदललं आणि बूस्टच गायब: वापरानंतरचा अनुभव

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र, ते जादा प्रेशर म्हणजे बूस्ट, आणि कार्ट्रिज म्हणजे टर्बोचा मधला गाभा, शाफ्ट आणि चाकांसकट. ते कार्ट्रिज चांगलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण दिवाळीनंतर याच दुकानाला मी एक स्टार दिला होता आणि त्याखाली जे लिहिलं ते अजून तिथंच आहे. ते काढणार नाही. त्यातलं निम्मं आजही खरं आहे.

गाडी सात सीटर, कॉमन रेल डिझेल, व्हीजीटी टर्बो, म्हणजे बाहेरच्या रॉडनं आतली पाती उघडझाप होणारा. करंजी-वणी रस्त्यावर रोजचं जाणं-येणं, म्हणजे कोळशाच्या ट्रकांमागची काळी धूळ एअर फिल्टरच्या नशिबी कायमची. जुन्या टर्बोच्या शाफ्टला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला होता, सायलेन्सरमधून निळा धूर निघायचा, आणि टर्बोला ऑइल पुरवणारा फीड पाइप खोलला तर आत कार्बन साचून भोक अर्धं बुजलेलं. नव्या टर्बोचा भाव ऐकून मी मनात कापूस मोजला: सहा-सात क्विंटल. नुसतं कार्ट्रिज, बॅलन्सिंगच्या रिपोर्टसकट, अकरा हजारांत नागपुरातून मिळत होतं. हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, आपलंच वापरायचं. कोणता शेतकरी माणूस दुसरा विचार करेल?

मिस्त्रीनं ते गावातच बसवलं. गाडी सुरू झाली, धूर बंद झाला, आवाज साफ. आणि रस्त्यावर काढली तर ओढायलाच तयार नाही. तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबला तरी बैलगाडीशी शर्यत. चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनर लावला तर पी०२९९, म्हणजे बूस्ट कमी.

इथून भांडण सुरू झालं. दुकानाला फोन केला की एकच वाक्य, "सर, फिटिंग चेक करा." मिस्त्रीला विचारलं की तो म्हणे, "भाऊ, कार्ट्रिजच बोगस दिलं त्यानं. रॉड तं चालून राहिला ना, मंग फिटिंगमंदी काय खोट?" दोघंही आपापल्या जागी ठाम आणि मधे मी, पेट्रोल भरून फटफटीवर फिरतोय.

मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर ज्यांच्याकडे आहे त्यांनी मॅप सेन्सरचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरचं, रीडिंग आधी बघावं. आमच्या भागात इंजिन बंद, चावी चालू असताना ते ९८० मिलिबारच्या जवळपास असतं, तीच बाहेरची हवा. लोडवर माझी गाडी पूर्वी २००० पर्यंत जायची, म्हणजे साधारण एक बार बूस्ट. आता ते ११००च्या पुढे सरकेना. फक्त आरपीएम खूप चढवला की थोडं हलायचं. हे थोडं हलणं महत्त्वाचं होतं, पण तेव्हा त्याकडे कोणी बघितलं नाही.

सगळ्यांना पहिला संशय पाइप निसटल्याचा येतो. तो खोटा निघाला: टर्बोच्या तोंडाला झाकण बसवून हलकी हवा भरली, इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं, एक बुडबुडा नाही. मॅप सेन्सर काढून पुसला, काजळी होती, फरक शून्य. ईजीआर, म्हणजे थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, नीट बंद होत होता. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी काळा डाग नाही, म्हणजे एक्झॉस्टचा गॅस टर्बोच्या आधीच निसटत नव्हता. अॅक्च्युएटरचा व्हॅक्यूम कमी-जास्त करणाऱ्या सोलेनॉइडवरच्या नळ्या अदलाबदल झाल्या तरी हेच होतं, त्याही बरोबर होत्या. हाताचा व्हॅक्यूम पंप अॅक्च्युएटरला, म्हणजे रॉड ओढणाऱ्या डबीला, लावला, रॉड सर्रकन आत गेला आणि तिथंच थांबला, काटा पडला नाही. म्हणजे आतला रबरी पडदा, डायफ्राम, शाबूत.

मग सगळ्यांनी एकमतानं कार्ट्रिजला दोषी ठरवलं. मीही. एक स्टार तेव्हाचा.

पण शाफ्ट बोटानं फिरवला तर मऊ फिरतोय, चाकांची पाती कुठं घासत नाहीत. असं कार्ट्रिज बूस्ट अजिबात देणार नाही हे पटत नव्हतं. वणीला एक काका आहेत, एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर. त्यांनी इंजिन २००० आरपीएमवर धरायला लावलं आणि पंपानं थेट अॅक्च्युएटरला व्हॅक्यूम दिला. व्हीजीटीमध्ये रॉड ओढला की आतली पाती मिटतात, गॅसची वाट अरुंद होते, त्याचा जोर टर्बोच्या चाकावर बसतो. आवाज भरायला हवा, मॅपचा आकडा थोडा तरी चढायला हवा. काहीच झालं नाही. रॉड आत-बाहेर, इंजिनला पत्ताच नाही. काका म्हणाले, "रॉड बाहेर हालून राहिला. आत पाती हालून राहिली काय, ते कोनं पाह्यलं?"

टर्बो पुन्हा खोलला. लिव्हरच्या आतल्या टोकाची पिन पाती फिरवणाऱ्या रिंगच्या खाचेत बसलीच नव्हती. रिंग एका बाजूला, पिन दुसऱ्या बाजूला, आणि पाती सगळी उघडी पडून. म्हणूनच जास्त आरपीएमला, गॅस भरपूर झाला की, थोडं प्रेशर यायचं. हाउसिंग जोडण्याआधी लिव्हर हातानं हलवला असता तर रिंगचं वजन हाताला लागलंच नसतं आणि तिथंच कळलं असतं. नीट बसवून त्याच संध्याकाळी आकडा २०००ला टेकला.

म्हणजे दुकानदार बरोबर होता. मान्य. पण "फिटिंग चेक करा" हे काय सांगणं झालं? "पिन रिंगच्या खाचेत आहे का बघा" एवढं म्हणायला किती श्वास लागतो? डब्यात एक साधा कागद नाही. दोन्ही हाउसिंगवर खोलण्याआधी खुणा करा, कारण अॅक्च्युएटरचा ब्रॅकेट फिरला तर रॉडची सेटिंग बिघडते. पहिल्या स्टार्टआधी ऑइलच्या भोकात ऑइल टाका. लिव्हरची हद्द ठरवणाऱ्या स्टॉप स्क्रूला हात लावू नका. चार ओळी.

आणि वायसर. अकरा हजारांच्या डब्यात गॅस्केट आहेत, रबरी रिंग आहे, आणि फीड पाइपच्या बॅन्जो बोल्टचे, म्हणजे ज्याच्या पोकळीतून ऑइल जातं त्या बोल्टचे, दोन तांब्याचे वायसर नाहीत. दहा-वीस रुपयांची वस्तू. फोन केला तर म्हणे, "ते लोकल मिळतात सर." अहो, लोकल म्हणजे कुठं? आमच्या गावात मिळतात का? जुनेच लावले, बोल्टापाशी ऑइल पाझरायला लागलं. नंतर काकांनी तेच वायसर गॅसवर लालबुंद तापवून थंड केले, तांबं मऊ पडतं, परत बसवले, आजतागायत थेंब नाही. फुकटात काम झालं, तरी राग जात नाही. माझा एक स्टार निव्वळ या वायसरांसाठी कापलेला आहे, कोणाला हास्यास्पद वाटलं तर वाटो.

आता वापराचं. सुरुवातीला शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा आणि मी पुन्हा दुकानावर खार खाऊन होतो, बॅलन्सिंग खोटं म्हणून. निघाला इनटेक पाइपचा ढिला क्लॅम्प. कापसाच्या हंगामात माणसं-पोती सगळं ओढलं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट भरल्या गाडीनं चढलो, खरी परीक्षा तीच; सपाट रस्त्यावर कमी बूस्ट झाकून जातो. मे महिन्यात दुपारी गाडी थोडी सुस्त होते, पण गरम हवा विरळ असते, त्यात कार्ट्रिजचा दोष नाही. ऑइलची पातळी दोन सर्व्हिसच्या मधे जागची हलत नाही. जुना टर्बो ऑइल प्यायचा. फीड पाइप मात्र नवाच टाकला आहे, तिथं काटकसर करू नका. जुन्या पाइपनंच पहिला टर्बो खाल्ला.

तीन स्टार. मागवायचं असेल तर गाडीचं नाव सांगून मागवू नका. एकाच मॉडेलला वर्षाप्रमाणे वेगळे टर्बो येतात. कॉम्प्रेसर हाउसिंगवर छोटी पाटी असते, ती ब्रशनं घासा आणि पार्ट नंबरचा फोटो पाठवा. वायसर आधीच घेऊन ठेवा.