कल चाचणी की महिनाभर उमेदवारी?

बारावी झालेल्या भाचीने विचारलं, "मामा, करिअर ठरवायला कल चाचणी देऊ की सरळ कुठे काम करून बघू?"

वेळ आणि पैसा यांचा हिशेब सोपा आहे. चाचणी काही तासांत उरकते, पण समुपदेशकाची फी पडते. उमेदवारीत, म्हणजे कुठेतरी काम शिकण्यात, अख्खी सुट्टी जाते, वर बसभाडं.

कळतं काय, हा खरा प्रश्न. कल म्हणजे ओढा. अभिक्षमता, म्हणजे जमण्याची शक्यता, ही वेगळी गोष्ट. राज्यात २०१६ मध्ये दहावीसाठी आली ती कल चाचणी. अशा बऱ्याच चाचण्यांच्या मुळाशी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांचे सहा व्यक्तिमत्त्व-प्रकार असतात. उत्तरं मात्र आपणच भरायची, आणि न पाहिलेल्या कामाबद्दल सतरा वर्षांची मुलगी काय सांगणार? हिला प्राणी आवडतात. जनावरांच्या दवाखान्यातला वास आणि रात्रीची धावपळ सोसते का, हे प्रश्नपत्रिकेत कळत नाही. उलट मालक तिरसट निघाला तर चांगल्या कामावरूनही मन उडतं.

काहीच सुचत नसेल, तर चाचणी द्या. निदान दहाच्या जागी तीन वाटा उरतात. दोन-तीन वाटा आधीच डोक्यात असतील, तर फी वाचवा आणि उमेदवारी करा. भाचीला मी दवाखान्यातच धाडलंय.